आधी कागद, मग पाना: जुनी मोटार आणि तिच्या काळातल्या वस्तू सांभाळताना

गाडी आणली त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी रॉकेलचा डबा, तारेचा ब्रश आणि भोकं बुजवायची लांबी (लाकडात भरायचा लगदा) घेऊन कामाला लागलो. १९१४ ची फोर्ड मॉडेल टी, टूरिंग बॉडी, म्हणजे चारी बाजूंनी उघडी आणि वर कापडी टप. इंजिन आणि पुढची बैठक यांच्या मधे या गाडीत एक लाकडी फळी असते. त्या फळीवर चार बारीक भोकं होती, आयताच्या चार कोपऱ्यांना असावीत तशी, आणि मधलं लाकूड आजूबाजूच्या लाकडापेक्षा जरा उजळ. भोक दिसलं की बुजवायचं, एवढीच तेव्हाची अक्कल. लांबी भरली, घासली, वर वॉर्निश मारलं. आठ महिन्यांनी दुसऱ्या एका मालकाकडे तशीच फळी पाहिली, तिच्यावर गाडी विकणाऱ्या मूळ दुकानदाराची पितळी पट्टी होती, चार बारीक खिळ्यांनी ठोकलेली. माझ्या फळीवरचा उजळ आयत म्हणजे अशाच पट्टीची सावली होती. ती मी स्वतःच्या हाताने घासून टाकली होती.

तुम्ही आत्ता त्या तिसऱ्या दिवसावर असाल तर ब्रश खाली ठेवा आणि आधी हे वाचा. उदाहरणं सगळी मॉडेल टीची आहेत, कारण हात तिच्यातच काळे झाले. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या बनल्या, त्यामुळे नवख्याच्या वाट्याला हीच येण्याची शक्यताही जास्त. तुमची गाडी वेगळी असेल तर तपशील बदलतील, कामाचा क्रम मात्र हाच ठेवा.

१. साल कोणतं, ते गाडीलाच विचारा

विकणारा सांगतो ते साल बहुतेक वेळा ऐकीव असतं. नोंदणीच्या कागदावरचं सालही पुष्कळदा पहिल्या नोंदणीचं असतं, बनण्याचं नव्हे. खुणा गाडीवर असतात.

मॉडेल टीच्या ठळक खुणा अशा: रेडिएटर पितळेचा असेल तर गाडी १९१६ पर्यंतची, काळ्या पत्र्याच्या वेष्टनातला असेल तर १९१७ पासून पुढची. पुढचे दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळणारे असतील तर १९१४ पर्यंतची, विजेचे असतील तर १९१५ पासूनची. बटणाने सुरू होण्याची सोय १९१९ पासून मिळू लागली, त्याआधी हँडलच मारायचं. इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाणी आत शिरतं त्या तोंडाच्या वरच्या सपाट जागेवर इंजिन क्रमांक ठोकलेला असतो. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर, ओतकामाची तारीखही उठावदार अंकांत सापडते. ती महिना-दिवस-वर्ष अशा क्रमाने वाचायची. ३-७-१४ म्हणजे ३ जुलै नव्हे, ७ मार्च. मी दोन महिने गाडीचा वाढदिवस चुकीचा सांगत फिरत होतो.

या सगळ्या खुणा एकाच सालाकडे बोट दाखवतील अशी अपेक्षा ठेवू नका. या गाड्यांचे भाग एकमेकींना बसतात, आणि शंभर वर्षांत मालकांनी ते बसवलेलेच असतात. माझ्या गाडीची चासी, इंजिन आणि दिवे १९१४ चे, मागचा आस नंतरचा, आणि एक मडगार्ड कुठून आलं ते देवाला ठाऊक. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त कुठला भाग कधीचा, ते लिहून ठेवा.

जाता जाता एक शब्दाचा घोळ. आपण सरसकट 'विंटेज' म्हणतो. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा मात्र १९०५ ते १९१८ च्या गाड्यांना 'व्हेटरन' म्हणते आणि १९१९ ते १९३० च्या गाड्यांना 'विंटेज'. मेळाव्याचा अर्ज भरताना हा फरक कामी येतो, एरवी नाही.

२. कागदांची पिशवी

पैसे देण्याआधी हे हातात असू द्या:

- नोंदणीचं मूळ पुस्तक किंवा दाखला, आणि त्यावर आधीच्या मालकांची नावं असतील तर ती सगळी पानं
- विक्रीपत्र, विकणाऱ्याच्या सहीचं, इंजिन क्रमांकासकट
- विकणारा वारस असेल तर बाकीच्या वारसांची लेखी संमती
- गाडी परदेशातून आली असेल तर आयातीचे आणि जकातीचे कागद
- जुन्या विम्याची पत्रं, दुरुस्तीची बिलं, फोटो, पत्रव्यवहार, अगदी पेट्रोलच्या पावत्यासुद्धा

शेवटच्या ओळीतल्या वस्तू कायद्याला नको असतात, म्हणून विकणारा त्या घरीच ठेवतो किंवा रद्दीत घालतो. मुद्दाम मागा. 'जुने कागद आहेत का' असं विचारलं की 'नाहीत' हेच उत्तर येतं. 'या गाडीत बसलेला कुणाचा फोटो घरात आहे का' असं विचारून पाहा, लोक उठून कपाट उघडतात. मला माझ्या गाडीचा एकमेव जुना फोटो असाच मिळाला. एक बाई, मांडीवर मूल, आणि तिच्या कोपराशेजारी रबरी फुग्याचा भोंगा. तो भोंगा नेमका कुठल्या बाजूला आणि किती उंचीवर होता, ते त्या फोटोने सांगितलं.

सापळा इथे एकच, पण वाईट. कागदावरचा इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक एकमेकांशी ताडून पाहा, स्वतःच्या डोळ्यांनी, विजेरी आणि ओलं फडकं घेऊन. या काळातल्या मॉडेल टीत इंजिनाचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक. इंजिन कधी बदललं असेल तर कागद आणि गाडी यांची फारकत झालेली असते. अशा वेळी 'क्रमांक नवा ठोकून देतो' म्हणणारा कुणीतरी भेटतोच. त्याला नमस्कार करून बाहेर पडा. ते बेकायदा तर आहेच, शिवाय गाडीचा शेवटचा खरा पुरावा त्यात जातो.

३. पहिला महिना फक्त बघायचं

या महिन्यात गाडी धुवायची नाही, घासायची नाही, उघडायची नाही. काढायचे ते फोटो. प्रत्येक बाजू, प्रत्येक सांधा, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, प्रत्येक स्क्रूचं डोकं. चौकटीत एक पट्टी ठेवून फोटो काढा म्हणजे मापही कळतं. माझ्या बुजवलेल्या भोकांचा पुरावा आज शिल्लक आहे तो केवळ मी पहिल्या दिवशी हौसेने काढलेल्या एका फोटोमुळे. त्यात मी हसत उभा आहे आणि मागे फळी दिसते आहे.

नंतर कोनेकोपरे. बैठकीच्या गाद्या हलक्या हाताने उचला. दरवाज्याच्या आतली पोकळी, मागच्या बैठकीखालचा खण, पायाखालच्या फळ्यांच्या फटी या जागांचा केर थेट टाकू नका, कागदावर घेऊन चाळून बघा. बैठकीवर बहुधा कापडावर कापड ठोकलेलं असतं. मी वरून तीन थर उलगडले तेव्हा सगळ्यात खाली मूळ काळं कापड हाताच्या पंजाएवढं उरलेलं मिळालं, खिळ्यांच्या ओळीखाली दबलेलं. तोच तुकडा पुढे नवं कापड निवडताना नमुना म्हणून कामी आला.

रंगाचंही तसंच, आणि घासायची मुभा फक्त इथे. कुठल्या तरी आडोशाच्या जागी, म्हणजे मडगार्डच्या आतल्या कडेला किंवा बैठकीखाली, रुपयाएवढी जागा बारीक ओल्या घासकागदाने गोल गोल घासा. रंगाचे थर झाडाच्या वलयांसारखे एकाभोवती एक दिसू लागतात. आतून बाहेर मोजा, फोटो काढा, आणि तिथेच थांबा. तोंडाला मुसकं बांधून आणि ओलंच घासा, कारण जुन्या रंगात शिसं असतं.

४. किती करायचं ते आधी ठरवा

तीन वाटा आहेत. आहे तसं जपायचं, चालण्यापुरती डागडुजी करायची, किंवा शेवटच्या बोल्टपर्यंत उघडून नव्याने उभारायचं. नवख्याला तिसरी वाट खुणावते, कारण फोटोत तीच झळकते. माझं मत विचाराल तर गाडीवर मूळ रंगाचा, मूळ कापडाचा निम्मा भाग जरी शिल्लक असेल तरी तिसऱ्या वाटेला जाऊ नका. नवी कोरी दिसणारी मॉडेल टी कधीही, कुणीही बनवू शकतो, सुटे भाग आजही नवे बनतात. झिजलेला मूळ रंग मात्र परत बनत नाही.

आणि वाट एकदा ठरली की अधेमधे बदलू नका. अर्धवट उघडलेली गाडी आणि खोक्यांत भरलेले सुटे भाग, अशा अवस्थेतच बहुतेक गाड्या पुन्हा विकायला निघतात.

५. हत्यारं

पाने इंची मापाचे हवेत. मेट्रिक पाना 'जवळपास' बसतो आणि नटाची कोरं गोल करून ठेवतो. याशिवाय लागेल ते असं:

- रुंद पात्याचे सपाट स्क्रूड्रायव्हर, खाचेत घट्ट बसतील असे
- मागच्या चाकाचा हब (मधला भाग) ओढायचा पुलर, हबच्या आट्यांवर (पेचाच्या खाचांवर) चढणारा
- मायक्रोमीटर, व्हर्नियर कॅलिपर आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या)
- गंज सोडवणारं तेल, छोटी गॅसबत्ती, मेणबत्ती
- लाकडी आणि रबरी हातोडी
- झिपच्या पिशव्या, दोऱ्याच्या चिठ्ठ्या, पेन्सिल (शाई तेलाने पुसते)
- दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि अतिनील टॉर्च, यांचं काम पुढे सांगतो

जाम बोल्टवर ताकद लावायची नाही. बोल्टाभोवतीचं लोखंड तापवा, मेणबत्तीचं टोक आट्यांना लावा, मेण आत ओढलं जातं, गार होऊ द्या, मग दोन्हीकडे थोडं थोडं हलवा. पेट्रोलच्या टाकीजवळ अर्थातच ज्योत न्यायची नाही, आणि मॉडेल टीत टाकी पुढच्या बैठकीखाली असते हे विसरायचं नाही. मागचं चाक निघत नाही म्हणून आसाच्या टोकावर हातोडा घातला की आट्यांचं वाटोळं होतं आणि धक्का आत बेअरिंगपर्यंत जातो. पुलर लावा, ताण द्या, रात्रभर सोडा. सकाळी पुष्कळदा चाक आपणहून सैल झालेलं असतं.

६. जिवाशी गाठ असलेली कामं सगळ्यात आधी

इंजिन सुरू करण्याची घाई सगळ्यांना असते. गाडी थांबेल का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरच्या पेटीत आहे. तिथला ड्रम पट्ट्याने आवळला जातो आणि ती पकड मागच्या आसातल्या दातऱ्यांमार्फत (दातेरी चाकांमार्फत) चाकांपर्यंत पोहोचते. त्या आसात दातऱ्यांना जागेवर धरणाऱ्या जाड चकत्या मूळ गाडीत बॅबिट नावाच्या मऊ, पांढऱ्या धातूच्या असत. शंभर वर्षांनी हा धातू बिस्किटासारखा भुगा होतो. चकती फुटली की दातऱ्या एकमेकींपासून सरकतात, आणि उतारावर ब्रेक आणि इंजिन दोघांचाही चाकांशी संबंध संपतो. उरतो तो हातब्रेक, आणि त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये. म्हणून कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी मागचा आस उघडा आणि ब्राँझच्या चकत्या घाला. माझ्या आसातून तेलासोबत राखाडी चुरा निघाला. ही गाडी विकणाऱ्याने मला त्याच आठवड्यात उतारावरून फिरवून आणलं होतं.

चाकांचे आरे लाकडी. चाक हवेत उचलून एकेक आरा हाताने पिळून बघा. कुरकुर ऐकू आली तर ते चाक रस्त्यावर न्यायचं नाही. पाणी शिंपडून लाकूड फुगवणं ही चार दिवसांची फसवणूक आहे. टायर पुढे ३० बाय ३ आणि मागे ३० बाय साडेतीन इंच, आणि ते रिमच्या वळलेल्या ओठात केवळ हवेच्या दाबाने अडकून राहतात. हवा कमी असेल तर वळणावर टायर रिम सोडून देतो. दाब दर वेळी निघण्याआधी मोजा.

इंजिनात तेलाचा पंप नाही. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं जड चाक, तेल उडवतं आणि ते सगळीकडे पोहोचतं. तेल मोजायची पट्टीही नाही. खाली मागच्या बाजूला दोन लहान तोट्या आहेत. खालच्या तोटीतून तेल येत नसेल तर कमी आहे, वरच्या तोटीतून वाहत असेल तर जास्त आहे. गाडीखाली आडवं झोपून हे करावं लागतं. पाण्याचाही पंप नाही, गरम पाणी वर चढतं, गार खाली उतरतं, एवढ्यावर काम चालतं. म्हणून रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजल्या की ही गाडी लगेच उकळते, आणि लोक विनाकारण कार्ब्युरेटरला दोष देत बसतात.

आता कॉइल, म्हणजे ठिणगी पाडणारी पेटी. हे प्रकरण मला सगळ्यात जास्त आवडतं. चार सिलिंडरना चार लाकडी पेट्या, प्रत्येक पेटी वीटभर उंच, कोपऱ्यांना बोटात बोटं अडकवल्यासारखे सांधे, वर एक पोलादी पातं थरथरत राहतं. चालू केल्यावर चारही पेट्या आळीपाळीने गुणगुणतात. नवखा काय करतो? पात्याचा नट पिळून गुणगुण 'छान' करतो. कानाने ही जुळवणी होत नाही. पेट्यांच्या पोटात डांबरात बसवलेला कागदी कपॅसिटर शंभर वर्षांनी मेलेला असतो, तो आधी बदलावा लागतो. मग हँडलवर फिरणाऱ्या तपासयंत्रावर पेटी बसवून प्रवाह १.३ अँपिअरला आणायचा आणि दर ठोक्याला एकच ठिणगी पडते आहे ना, ते बघायचं. ज्याच्याकडे असं यंत्र आहे अशा माणसाशी दोस्ती करा. चारही पेट्या नीट जुळवून आणल्या त्या संध्याकाळी माझी गाडी पहिल्या अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. त्याआधी मी तीन आठवडे खांदा निखळेपर्यंत हँडल मारत होतो.

हँडल मारण्याची रीतही लिहूनच ठेवतो. हातब्रेकचा दांडा पूर्ण मागे ओढा, त्याने क्लचही सुटतो. चाकांना उटी (दगड किंवा लाकडाची पाचर) लावा, कारण थंडीत तेल घट्ट असलं की क्लचच्या चकत्या चिकटून राहतात आणि सुरू झालेली गाडी तुमच्याच अंगावर चालून येते. स्टिअरिंगखालचा डावा दांडा, ठिणगीचा, पूर्ण वर. तो खाली राहिला तर ठिणगी वेळेआधी पडते आणि हँडल उलटं फिरतं. उजवा दांडा, पेट्रोलचा, चार-पाच खाचा खाली. हँडल डाव्या हाताने धरा, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, त्याची मूठ वळायची नाही. खालून वर ओढायचं, वरून खाली कधीही दाबायचं नाही. उलटा फटका बसला तर बोटं आपोआप सुटतात. अंगठा गुंडाळलेला असेल तर तो मोडतो, नाहीतर मनगट.

पहिल्यांदा चालवताना मोकळं मैदान घ्या. तीन पॅडल आहेत, पण तुमच्या पायांना ठाऊक असलेली नव्हेत. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्धं दाबलं की न्यूट्रल, सोडलं की दुसरा गिअर. मधलं मागे जाण्याचं. उजवं ब्रेकचं. घाबरून डावा पाय 'क्लच' म्हणून दाबला तर गाडी जोर करून पुढे जाते.

७. पितळ, लाकूड, पत्रा

पितळेचं पॉलिश हा मोह आहे. यंत्राच्या चाकावर रेडिएटरची कड धरली तर दहा मिनिटांत आरसा होतो, आणि ठोकलेली अक्षरं कायमची उथळ होतात. दिव्यांच्या बुडाशी बनवणाऱ्याचं नाव आणि नमुन्याचा क्रमांक उठवलेला असतो, तो जपा. हाताने, मऊ कापडाने, अक्षरांच्या दिशेने आणि वर्षातून एकदा, बस.

बॉडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. पत्रा सरळ करण्याआधी सांगाडा बघा, नाहीतर कुजक्या लाकडावर देखणा पत्रा बसतो. कुजलेला तुकडा काढला की फेकू नका, नव्या तुकड्याचा साचा तोच.

रंगाबद्दल एवढंच: मॉडेल टी काळीच असते ही समजूत अर्धी खरी आहे. १९१४ ते १९२५ च्या गाड्या काळ्याच. सुरुवातीच्या गाड्या राखाडी, हिरव्या, लाल अशा होत्या, आणि शेवटच्या दोन वर्षांत पुन्हा रंग आले.

जुन्या गॅस्केटांत आणि ब्रेकच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकतो. कोरडं घासायचं नाही, हवेने फुंकायचं नाही. कार्बाइडचे दिवे पेटवण्याची हौस असेल तर उघड्यावर पेटवा, आणि गॅसची नळी शुद्ध तांब्याची घालू नका. तांबं आणि हा गॅस, म्हणजे अॅसिटिलीन, मिळून स्फोटक संयुग तयार होतं.

८. वस्तू गोळा करताना कुंपण घाला

गाडी उघडून पडली की हात रिकामे राहतात आणि मन जुन्या वस्तूंकडे धावतं. मी पहिल्या वर्षात तेलाचे सतरा डबे, दोन पाट्या आणि एक पेट्रोल पंपाचं डोकं जमवलं. गाडीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. नंतर सगळं दिलं.

माझं आताचं कुंपण असं: आधी गाडीसोबत कारखान्यातून आलेलं, मग त्याच सालच्या मालकाने हातात घेतलं असतं असं, बाकी काही नाही. पहिल्यात येतात फोर्डचं नाव ठोकलेले पाने, जॅक, हवेचा हातपंप, मालकासाठीची प्रश्नोत्तरांच्या रूपातली पुस्तिका. दुसऱ्यात सुट्या भागांची किंमतयादी, विक्रीची पत्रकं, कंपनीचं 'फोर्ड टाइम्स' मासिक (ते १९०८ पासूनचं), त्या मॉडेलचे पोस्टकार्ड-फोटो.

मला सगळ्यात प्रिय आहे ती एक लाकडी पट्टी. या गाडीत पेट्रोलचा काटा नाही. बैठक उचलायची, टाकीचं झाकण काढायचं, पट्टी बुडवायची आणि ओला भाग मोजायचा. दुकानदार अशा पट्ट्यांवर आपलं नाव छापून फुकट वाटत. माझ्या पट्टीचं खालचं टोक काळपट आहे आणि वरच्या टोकाला कुणीतरी चाकूने एक खाच केली आहे. कशासाठी, ते कळायला मार्ग नाही.

मोटोमीटरही घ्या, म्हणजे रेडिएटरच्या झाकणावर बसणारा गोल तापमापक. फक्त हे ध्यानात ठेवा की तो पाण्याचं नव्हे, वरच्या वाफेचं तापमान दाखवतो.

९. अस्सल की नक्कल

या गाडीच्या वस्तूंच्या नकला फार बनतात. सगळ्याच फसवण्यासाठी नसतात, पण दोन हात बदलले की नक्कल अस्सल होते.

*छापील कागद.* भिंगाखाली धरा. रंगीत चित्र चार रंगांच्या ठिपक्यांच्या फुलोऱ्यांनी बनलेलं दिसलं आणि मजकुराच्या अक्षरांच्या कडाही ठिपक्यांच्या असल्या, तर ती मूळ कागदाच्या फोटोवरून केलेली छपाई आहे. अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात उजळपणाची रसायनं आहेत, आणि ती कागदात १९५० च्या सुमारास आली. कागद झगमगला नाही म्हणून तो जुना, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.

*पितळी पट्ट्या आणि बोधचिन्हं.* अस्सल वस्तूवरून साचा काढून ओतलेली नक्कल गार होताना आकसते. पितळ साधारण दीड टक्का आकसतं. १०० मिलिमीटरची पट्टी नकलेत साडेअठ्ठ्याण्णव भरते. कॅलिपर खिशात ठेवा आणि खात्रीच्या नमुन्यांची मापं वहीत.

*स्क्रू.* १९१५ ची म्हणून दाखवलेली वस्तू फुलीच्या खाचेच्या स्क्रूंनी जोडलेली असेल तर विचारा. ते स्क्रू १९३० च्या दशकात आले.

*एनॅमलच्या पाट्या.* खऱ्या पाटीत रंगाचे थर एकावर एक भाजलेले असतात, कडेवरून बोट फिरवलं की पायरी लागते. भोकांभोवतीचे टवके नीट बघा. वर्षानुवर्षं टांगलेल्या पाटीचे टवके स्क्रूच्या डोक्याखाली पडतात आणि गंज त्यांतून खाली ओघळतो. भोकं ताजी आणि गंज मात्र पाटीभर सारखा पसरलेला असेल, तर तो गंज बाटलीतला आहे.

मी एकदा फसलो ते घाईमुळे. दुकानदाराच्या पट्टीसाठी मी इतका आतुर होतो की 'अगदी अशीच' म्हणून आलेली पट्टी माप न घेता घेतली. घरी आणून फोटोतल्या भोकांशी जुळवली तर एक भोक जुळेना. मागच्या बाजूला वाळूच्या साच्याचे खरखरीत कण तसेच होते. विकणाऱ्याने उलटी करून दाखवली नव्हती आणि मी मागितली नव्हती.

१०. जपणूक आणि नोंदवही

कागद पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, ते काही वर्षांत चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. पॉलिस्टरची पाकिटं आणि आम्लरहित कागदाच्या पेट्या वापरा. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको. घड्या जबरदस्तीने उलगडू नका. फोटोच्या मागे लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, कडेला. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या वस्तू, म्हणजे बिल्ले, टपाच्या पडद्यांच्या जुन्या खिडक्या, बाकीच्यांपासून वेगळ्या आणि हवेशीर जागी ठेवा. सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचं पितळ खातं, शिवाय भडकन पेटतं. गाडीच्या शेडमध्ये कागद ठेवू नका. दमट हवा, पेट्रोलची वाफ आणि उंदीर, तिघेही तिथेच राहतात.

नोंदवहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. कुठून आली, कधी आली, माप, फोटो, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: ही वस्तू याच गाडीची, याच नमुन्याची, की नुसती त्या काळची. बदललेल्या प्रत्येक भागाचीही तीच नोंद. जुना भाग चिठ्ठी बांधून पेटीत, गाडीवर नवा कोणता बसवला ते वहीत.

फळीतली लांबी मी गेल्या वर्षी सुईने कोरून काढली, दोन दुपारी लागल्या. माझ्या वहीत क्रमांक १ समोर वस्तू नाही. 'दुकानदाराची पट्टी, नाही. चार भोकं, आडवं अंतर २ इंच, उभं सव्वा इंच, खालचं डावं भोक किंचित तिरकं' एवढंच लिहिलं आहे. नक्कल करून देणारे दोघेजण भेटले, नाव कुठलंही घालून देतो म्हणाले. कुठलं नाव घालू, ते मला ठाऊक नाही, म्हणून जागा तशीच ठेवली आहे.